आधी विमान पाडायला शिका: डीसीएसमध्ये स्टॉल, लूप आणि कोब्रा

फायटर जेटचा सिम्युलेटर हातात आला की पहिल्याच संध्याकाळी लूप, म्हणजे आकाशात उभं वर्तुळ, मारायचा मोह होतो. स्टिक पोटाशी ओढायची, आकाश फिरताना बघायचं. होतं काय, तर विमान अर्ध्यावर जाऊन लटकतं, थरथरतं, एका अंगावर कलंडतं आणि गरगरत खाली येतं. मग माणूस जॉयस्टिकला नावं ठेवतो, सेटिंग बदलतो, व्हिडिओ बघतो. खरं कारण एवढंच असतं की स्टॉल म्हणजे काय हे हाताला ठाऊक नसतं. म्हणून या लेखात क्रम उलटा आहे. आधी विमान मुद्दाम पाडायचं, ते हातात परत घ्यायचं, आणि मग कसरती.

कशावर शिकायचं

उदाहरणादाखल डीसीएस वर्ल्ड घेतोय, कारण मूळ सिम्युलेटर फुकट आहे आणि त्याबरोबर सुखोई-25टी हे जेटही फुकट मिळतं. हे फायटर नाही, जमिनीवर मारा करणारं विमान आहे, पण स्टॉल शिकायला मला तेच बरं वाटतं. त्यात संगणक मध्ये पडत नाही. तुम्ही चूक केली की चुकीचं फळ लगेच मिळतं.

कसरतींसाठी सुखोई-27 घ्या. ते विकत घ्यावं लागतं, पण डीसीएसमध्ये बहुतेक विमानं 14 दिवस फुकट वापरून बघता येतात, तेवढ्यात या लेखातलं सगळं करून होईल. सुखोई-27 सुचवण्यामागे दोन कारणं. एक, त्याच्या कॉकपिटमधली शेकडो बटणं माउसने दाबत बसावी लागत नाहीत, सगळं कीबोर्डवर आहे, त्यामुळे पहिल्या दिवसापासून लक्ष उडण्यावर राहतं. दुसरं, वेग किलोमीटरमध्ये आणि उंची मीटरमध्ये दिसते, नॉट आणि फुटांची आकडेमोड नाही. शिवाय नाशिकजवळ ओझरला एचएएलने बांधलेली आणि पुण्यात लोहगावहून उडणारी सुखोई-30एमकेआय याच घराण्यातली. विमाननगरला राहणाऱ्यांना तो आवाज वेगळा सांगायला नको.

जॉयस्टिक हवीच. कीबोर्डवर लूप होतो, पण काही शिकणं होत नाही, कारण स्टिक किती ओढली हे बोटाला कळत नाही. महागडी नको. दांडा पिळून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू) देता येतो आणि थ्रॉटलची, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायची, एक सरकपट्टी आहे अशी कोणतीही साधी जॉयस्टिक चालेल. मान वळवायला पैसे घालवायचे नसतील तर ओपनट्रॅक हे मोफत सॉफ्टवेअर साध्या वेबकॅमवर चालतं. तेही नको असेल तर जॉयस्टिकच्या डोक्यावरचं हॅट बटण नजर फिरवायला लावा. लूपमध्ये समोर बघून काही उपयोग नसतो, वर आणि मागे बघावं लागतं.

उडण्याआधी दहा मिनिटं सेटिंगला द्या

कंट्रोल्सच्या पानावर जाऊन ॲक्सिसचा विभाग उघडा. डीसीएस आपल्या मनाने प्रत्येक जोडलेल्या उपकरणाला पिच (नाक वर-खाली), रोल (डावी-उजवीकडे कलंडणं), रडर, थ्रॉटल वाटून टाकतं. दोन उपकरणं असतील तर एकाच गोष्टीला दोन्ही जोडलेली निघतात आणि विमान उगाच एका बाजूला ओढतं. नको त्या खान्यातली नेमणूक पुसून टाका. थ्रॉटल उलटा चालत असेल तर त्याच पानावर तो पलटवता येतो. पिच आणि रोलला पंधराच्या आसपास कर्व्ह द्या, म्हणजे मधल्या भागात स्टिक नरम लागते. डेडझोन, म्हणजे स्टिक हलवूनही काही न होणारा मधला भाग, दोन-तीन पुरे. पंधरा-वीसचा डेडझोन देणारे बरेच दिसतात, पण मग बारीक हालचाल विमानापर्यंत पोचतच नाही.

विमानात बसल्यावर उजवा कंट्रोल आणि एंटर दाबा. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा चौकोन येतो, त्यात स्टिक, रडर आणि थ्रॉटल नक्की कुठे आहेत ते दिसतं. नवख्या माणसासाठी हा चौकोन सोन्याच्या मोलाचा आहे, पहिले काही आठवडे तो बंदच करू नका. स्टिक मधोमध सोडली असं आपल्याला वाटतं आणि चौकोनात ती मागेच ओढलेली दिसते. निम्मे स्टॉल तिथेच सुटतात.

मिशन एडिटरमध्ये कॉकेशसच्या मोफत नकाशावर काळ्या समुद्राच्या किनाऱ्याला, कोबुलेतीच्या आसपास, विमान थेट हवेत सुरू होईल असं ठेवा. उंची 3,000 मीटर, वारा शून्य, आकाश निरभ्र, पंखाखाली काहीही टांगलेलं नाही, इंधन अर्धं. समुद्रकिनारा मुद्दाम निवडलाय. किनाऱ्याची रेघ ही कसरतीसाठी आयती आखलेली पट्टी असते, आणि समुद्रावर उंचीमापक जे दाखवतो तीच खरी उंची असते. डोंगरावर तसं नसतं. समुद्रसपाटीपासूनची उंची 2,000 दाखवत असताना खाली 1,500 मीटरचा डोंगर असू शकतो.

ही चूक सिम्युलेटरपुरती नाही. 14 सप्टेंबर 2003 रोजी अमेरिकेत माउंटन होम इथल्या एअर शोमध्ये थंडरबर्ड्स या अमेरिकी हवाई दलाच्या कसरत पथकातल्या एका एफ-16 च्या वैमानिकाने विमान उलटं करून खाली वळवलं, पण सुरुवातीला जमिनीपासून 2,500 फूट हवे होते तिथे 1,670 फूटच मिळाले होते. त्या तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची पथकाच्या नेहमीच्या तळापेक्षा जास्त होती आणि उंचीचं गणित चुकलं. वैमानिक विमान जमिनीवर आदळण्याच्या 0.8 सेकंद आधी बाहेर फेकला गेला आणि वाचला. सीट बाहेर फेकायची तर डीसीएसमध्ये कंट्रोल आणि ई तीनदा. हे पाठ असू द्या.

स्टॉल वेगाने होत नाही

पंखावर हवा ज्या कोनात येते त्याला अँगल ऑफ अटॅक म्हणतात. पुढे नुसतं एओए म्हणू. स्टिक ओढली की हा कोन वाढतो आणि पंखाची उचल वाढते. एका ठरावीक कोनापर्यंतच. त्यापुढे हवा पंखाच्या वरच्या पाठीला चिकटून वाहायची थांबते, सुटते, घोळते, आणि उचल कोसळते. हा स्टॉल. इंजिन बंद पडण्याशी त्याचा काही संबंध नाही, आणि वेगाशी थेट संबंधही नाही. विमान कमी वेगात स्टॉल होतं ते एवढ्याचसाठी की कमी वेगात तेवढीच उचल मिळवायला कोन वाढवत न्यावा लागतो. जास्त वेगात स्टिक हिसकून ओढली तर कोन एकदम ओलांडला जातो आणि ताशी 500 किलोमीटरलाही विमान स्टॉल होतं.

किती वेगाला होईल याचा हिशोब सोपा आहे. सरळ उडताना स्टॉलचा जो वेग, त्याला जितके जी (वजनाच्या कितीपट भार पडतोय तो आकडा) ओढताय त्याच्या वर्गमुळाने गुणायचं. सरळ उडताना 250 ला स्टॉल होत असेल, तर 2 जीला सुमारे 354, आणि 4 जीला 500. साठ अंश कलंडून उंची न गमावता वळायचं म्हणजेच 2 जी. नवा माणूस पाठलाग करताना वळणातच का पडतो, ते या आकड्यांत आहे.

पहिला स्टॉल, सुखोई-25टी मध्ये

उंची 3,000 मीटर, चाकं आणि फ्लॅप वर, वेग 450.

1. थ्रॉटल पूर्ण मागे. उंची कायम राहील इतकीच स्टिक हळूहळू ओढत जा. घाई नको, वेग सेकंदाला चार-पाच किलोमीटरने उतरला पाहिजे.
2. पॅनेलच्या डाव्या बाजूची एओए आणि जी दाखवणारी तबकडी बघत राहा. वेगाचा काटा खाली आणि कोनाचा वर, असे दोघे उलट दिशांना जाताना दिसतील.
3. आता कान द्या. हवेचा आवाज बदलतो, कॉकपिट थरथरायला लागतं. ही थरथर म्हणजे बफेट, विमानाने दिलेली शेवटची सूचना. इथे क्षणभर थांबा आणि वेगाचा आकडा कागदावर लिहा. वजनाप्रमाणे तो बदलतो, म्हणून माझा आकडा घेऊ नका, तुमच्या विमानाचा घ्या.
4. अजून ओढा. नाक खाली पडेल, किंवा एक पंख टपकन खाली जाईल.
5. स्टिक सोडा. पुढे ढकलायची गरज बहुतेक वेळा नसते, मधोमध आणली तरी कोन कमी होतो. थ्रॉटल पूर्ण पुढे.
6. वेग 350 च्या वर गेला की पंख सपाट करा आणि हळू ओढून क्षितिजावर या.

पाचव्या आणि सहाव्या पायरीच्या मध्ये सगळे गडबडतात. जमीन समोर दिसते, हात घाबरून स्टिक ओढतो आणि विमान पुन्हा स्टॉल होतं. याला दुय्यम स्टॉल म्हणतात आणि तो पहिल्यापेक्षा वाईट असतो, कारण आता उंची कमी आणि नाक खाली. जमीन समोर असतानाही आधी वेग येऊ द्यायचा, मग ओढायचं. उंची 3,000 मीटर घेतली आहे ती याचसाठी.

पंख पडला की तो उचलायला स्टिक दुसऱ्या बाजूला जाते, ही दुसरी खोड. पडलेल्या पंखावरचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलंडवणारी हलती फळी) त्यामुळे खाली झुकतं, त्या पंखाचा कोन आणखी वाढतो, आणि आधीच स्टॉल झालेला पंख अजून खोल जातो. स्टॉलमध्ये पंख रडरने सावरायचा, स्टिक आधी मधोमध. उजवा पंख पडला तर डावा रडर, हलका.

हे न चुकता जमलं की वळणातला स्टॉल घ्या. वेग 500, विमान सत्तर अंश कलंडवा, आणि बफेट येईपर्यंत ओढा. आता वेगाचा काटा बघा. मघाशी लिहिलेल्या आकड्यापेक्षा तो पुष्कळ वर असेल. थोडी स्टिक ढिली केली की थरथर थांबते आणि गंमत म्हणजे विमान आधीपेक्षा चांगलं वळतं. बफेटच्या काठावर स्टिक धरून ठेवणं ही फायटर उडवण्यातली सगळ्यात उपयोगाची सवय आहे. लूप येवो न येवो, ही यायला हवी.

गिरकी लागली तर

स्टॉल झालेलं विमान एका बाजूला घसरत राहिलं तर स्पिन सुरू होतो. थ्रॉटल मागे. स्टिक मधोमध, चौकोनात बघून खात्री करा. पाच सेकंद काही करू नका, पुष्कळदा विमान आपणच बाहेर येतं. नाही आलं तर कोणत्या बाजूला फिरतंय ते वळणदर्शक सुईवर बघा, बाहेर बघून ठरवू नका, डोळे फसवतात. फिरण्याच्या विरुद्ध पूर्ण रडर आणि स्टिक थोडी पुढे. फिरणं थांबताक्षणी रडर मधोमध आणा, नाहीतर दुसऱ्या बाजूचा स्पिन सुरू होतो. 1,500 मीटरपर्यंत सुटका झाली नाही तर उडी मारा. सिम्युलेटरमध्येही उडी मारायचीच, विमान वाचवायच्या नादात जमिनीपर्यंत बसून राहायची सवय लावून घेऊ नका.

सुखोई-27: मध्ये संगणक आहे

आता तोच स्टॉल सुखोई-27 मध्ये करून बघा. स्टिक पूर्ण ओढली तरी विमान पडत नाही. नाक वर करून, थरथरत, जड अंगाने खाली बसत राहतं. इथे पिचचा ताबा फ्लाय-बाय-वायर प्रणालीकडे, म्हणजे स्टिक आणि विमान यांच्या मधल्या संगणकाकडे आहे, आणि तिचा मर्यादक एओए पंचवीस अंशांच्या आसपास अडवून धरतो. नवख्याला वाटतं, चला, स्टॉलची कटकट मिटली. मिटलेली नाही. नाक वर आहे आणि विमान खाली जातंय, ही गोष्ट तुम्हाला फक्त उभ्या वेगाचा काटा सांगेल. शिवाय मर्यादक कोनावर लक्ष ठेवतो, वेगावर नाही. सरळ वर चढत वेग शून्याकडे नेला तर तो तुम्हाला वाचवू शकत नाही.

हडची, म्हणजे डोळ्यांसमोरच्या काचेवर वेग-उंची दाखवणाऱ्या पडद्याची, एक गोष्ट आधीच सांगतो. पाश्चात्त्य विमानांचा हड पाहायची सवय असेल तर रशियन हड पहिल्यांदा गोंधळात टाकतो. कलंडलं की त्यात क्षितिजाची रेघ तिरपी होत नाही, मधलं छोटं विमान तिरपं होतं. दोन दिवस नुसतं डावी-उजवीकडे कलंडत फिरा, डोळा बसतो.

रोल

वेग 600, उंची 2,000. नाक क्षितिजाच्या दहा-पंधरा अंश वर उचला, मग स्टिक मधोमध आणून थांबा, आणि मगच पूर्ण डावीकडे. बहुतेकांचा रोल बिघडतो तो इथे: ओढणं आणि कलंडवणं एकत्र होतं, आणि विमान गोल फिरण्याऐवजी आकाशात मळसूत्र काढतं. सपाट व्हायच्या थोडं आधी स्टिक सोडा. रोल संपल्यावर नाक सुरुवातीपेक्षा खाली आलेलं दिसेल, म्हणून तर आधी उचलून घेतलं.

बॅरल रोलमध्ये मात्र ते मळसूत्रच हवं असतं. नाकापासून साधारण 45 अंश बाजूला एखादा ढग किंवा डोंगरमाथा निवडा आणि त्याच्याभोवती नाकाने मोठं वर्तुळ काढा. सुरुवातीला सुमारे 2 जी, वर उलटे असताना एकाच्या आसपास, पूर्ण वेळ थोडं ओढलेलं. नीट जमला तर आपण उलटे झालो हे अंगाला कळतच नाही.

लूप

लूपची पहिली नोंद रशियन वैमानिक प्योत्र नेस्तेरोव यांच्या नावावर आहे. 1913 च्या सप्टेंबरमध्ये कीव्हला त्यांनी तो मारला, आणि सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्यांना दहा दिवसांच्या अटकेची शिक्षा झाली. त्यांचं विमान आजच्या मानाने काड्या-कापडाचं होतं. तुमच्याकडे दोन आफ्टरबर्नर (इंजिनाला जादा जोर देणारे) आहेत, तरी लूप सोपा नाही, कारण तो ताकदीचा खेळ नाही. झोका वर जाताना मंदावतो आणि खाली येताना धावतो, तसा इथे वेगाचा उंचीशी आणि उंचीचा वेगाशी सौदा चालू असतो. वर पोचताना हातात किती वेग उरेल, हे खाली असतानाच ठरलेलं असतं.

उंची 2,000, वेग 750, किनाऱ्याच्या रेघेला समांतर. थ्रॉटल पुढे, पण आफ्टरबर्नर लागण्याच्या अलीकडेपर्यंतच.

पंख सपाट आहेत ना ते बघा. हे वाक्य वाचून पुढे जाऊ नका, खरंच बघा. दोन अंश कलंडलेलं असताना ओढायला सुरुवात केली तर लूप तिरपा होतो आणि दुसऱ्या टोकाला किनारा सोडून भलतीकडे निघता.

आता दोन-तीन सेकंदांत, हिसका न देता, 4 ते 4.5 जीपर्यंत ओढा आणि तबकडीवर ते धरून ठेवा. पडद्याच्या कडा काळवंडायला लागल्या तर तुम्ही जास्त ओढताय. डीसीएसचा वैमानिक बेशुद्ध पडतो आणि शुद्धीवर येईपर्यंत विमान स्वतःच्या मर्जीने चालतं. नाक उभं झालं की समोर नुसतं निळं असतं, तेव्हा समोर बघायचंच नाही. डाव्या पंखाच्या टोकाकडे बघा, मग उजव्या. दोन्हीकडे क्षितिज सारखं दिसलं पाहिजे. एका बाजूला जास्त जमीन दिसत असेल तर तिथेच बारीक रोल देऊन दुरुस्त करा, वर गेल्यावर दुरुस्ती महाग पडते.

उभ्यानंतर नजर डोक्यावरून मागे टाका, क्षितिज तिथून उगवेल. वेग आता 300 ते 400 च्या दरम्यान आलेला असेल. इथे 4 जी मागायचे नाहीत, पंखांकडे ते नाहीतच. स्टिक ढिली करत 2 जीच्या आसपास आणा आणि एओएची सुई बघा. पंधराच्या वर जात असेल तर आणखी ढिली. वरचा भाग तरंगत, आरामात जाऊ द्यायचा. खालच्या अर्ध्या वर्तुळाइतकंच वर ओढत राहिलात तर लूप गोल न होता वरून चेपलेला होतो, आणि वेग कमी असेल तर लेखाच्या सुरुवातीला सांगितलेला प्रकार घडतो.

नाक खाली वळलं की थ्रॉटल अर्ध्यावर आणा. पृथ्वी आता फुकट वेग देतेय. वेग वाढेल तसं ओढणं वाढवत पुन्हा 4 जी, आणि सुरुवातीच्या उंचीला, सुरुवातीच्या दिशेला बाहेर. या आकड्यांनी लूप साधारण दीड हजार मीटर उंच होतो. शंभर-दोनशे मीटर खाली बाहेर पडलात तर काळजी नको, पण पाचशेचा फरक आला तर वर जाताना कंजुषी आणि खाली येताना उधळपट्टी झाली आहे.

वर पोचता पोचता वेग 250 च्या खाली गेला तर? लूप सोडून द्या. स्टिक मधोमध, रडर मधोमध, थ्रॉटल पुढे, आणि वाट बघा. विमान आपल्या वजनाने नाक खाली टाकेल. त्या दोन-तीन सेकंदांत काहीही न करणं ही या सगळ्या लेखातली सगळ्यात अवघड पायरी आहे, कारण हाताला ती निष्क्रियता सोसत नाही. पण ओढलं नाही तर एओए वाढत नाही, आणि एओए वाढला नाही तर वेग शून्य असला तरी विमान स्टॉल होत नाही, नुसतं पडतं. पडून वेग आला की ते पुन्हा तुमचं.

लूप गोल झाला का, हे आतून कळत नाही. सुखोईला धुराचे जनरेटर टांगा, टी बटण दाबून धूर सोडा, आणि बाहेर पडल्यावर एफ-2 दाबून बाहेरून बघा. आकाशात बहुधा अंडं काढलेलं दिसेल. मग रिप्ले लावून नेमकं कुठे जास्त ओढलं ते शोधा.

लुपाचे तुकडे

लूप आला की पुढचं झटपट येतं. अर्धा लूप मारून वर उलटे असताना रोल देऊन सरळ व्हायचं, तो इमेलमान. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन वैमानिक माक्स इमेलमानच्या नावावर असला तरी त्याची मूळ युक्ती वेगळी होती असं मानतात. वर रोल देताना वेग 350 च्या खाली असेल तर नुसत्या स्टिकने विमान घसरतं, त्याच बाजूचा थोडा रडर जोडा.

याचं उलटं म्हणजे स्प्लिट-एस: सरळ उडताना उलटे व्हा आणि खाली ओढून विरुद्ध दिशेला निघा. थंडरबर्ड्सच्या त्या एफ-16 चा अपघात यातच झाला. सुरुवात 3,500 मीटरला, वेग 400, थ्रॉटल पूर्ण मागे. एवढ्यात हजार-बाराशे मीटर खर्च होतात. हाच प्रकार 800 च्या वेगाने केला तर खर्च दुपटीच्या वर जातो, कारण वर्तुळाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणून स्प्लिट-एसच्या आधी दोनच आकडे बघायचे, उंची आणि वेग. वेग जास्त असेल तर करायचाच नाही.

क्यूबन एटमध्ये लूप साधारण पाच-अष्टमांश मारून, नाक 45 अंश खाली असताना थांबायचं, अर्धा रोल देऊन सरळ व्हायचं, आणि खाली येऊन तेच पुन्हा. आकाशात आडवा आठ उमटतो. दिसायला भारी, आणि करायला लुपापेक्षा सोपा, कारण थांब्यावर श्वास घ्यायला वेळ मिळतो. आपल्या हवाई दलाचं सूर्यकिरण पथक बीदरचं, हॉक विमानांवर उडणारं. त्यांचे व्हिडिओ बघाल तर कसरतींपेक्षा मधल्या दुव्यांकडे लक्ष द्या: एकीतून बाहेर पडतानाचा वेग पुढचीच्या प्रवेशाला कसा पुरवला जातो ते.

कोब्रा, आता विचारणारच

जून 1989 मध्ये पॅरिसजवळ ल बूर्जेच्या प्रदर्शनात व्हिक्टर पुगाचोव यांनी सुखोई-27 चं नाक उभ्याच्याही मागे नेलं आणि पुन्हा खाली आणलं, विमान मात्र पुढेच जात राहिलं. पंख पूर्ण स्टॉल झालेले असताना हे घडतं, म्हणून ते या लेखात बसतं.

उंची 1,500, इंधन अर्ध्याहून कमी, वेग 400 ते 450, विमान अगदी सपाट. के बटण दाबलं की मर्यादक बाजूला होतो. लगेच स्टिक पूर्ण मागे, एका झटक्यात. नाक नव्वदच्या पुढे जाऊ लागलं की स्टिक सोडून पुढे न्या आणि थ्रॉटल वाढवा. रोल आणि रडर पूर्ण वेळ मधोमध, इथे एका बाजूला जरा जरी दाब गेला तरी कोब्राचा स्पिन होतो. नाक खाली आल्यावर वेग जेमतेम उरलेला असतो, तेव्हा पुढची काही सेकंदं सरळ उडायचं, वळायचं नाही. मर्यादक पुन्हा चालू झाला आहे याची खात्री करा. 700-800 च्या वेगात चुकून के दाबून ओढलंत तर पंखच तुटतात.

ऑनलाइन लढाईत कोब्रा मारून मागच्याला पुढे काढीन म्हणणारे भेटतात. मागचा एकटा असेल आणि भोळा असेल तर जमेलही. नाहीतर तुम्ही आकाशात जागच्या जागी उभे राहिलेलं, वेग नसलेलं, मोठ्ठं लक्ष्य असता.

हे सगळं अर्ध्या इंधनावर आणि रिकाम्या पंखांनी झालं. आता मिशन एडिटरमध्ये परत जा, टाकी भरा, चार क्षेपणास्त्रं लावा, आणि 3,000 मीटरला पुन्हा पहिल्यापासून: थ्रॉटल मागे, उंची कायम, बफेट येईपर्यंत हळूहळू ओढा, आणि नवा आकडा जुन्याच्या शेजारी लिहा. लुपाचा प्रवेशवेग त्या फरकाइतका तरी वाढवून मगच ओढायला घ्या.